‘सोनेरी शिरस्त्राणाचा माणूस’ नकली नाही, आणि अणुभट्टीने तसे सांगितलेलेही नाही

१७ व्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचे नाव निघाले की एक दावा हमखास पुढे येतो. तो साधारण असा: बर्लिनच्या संग्रहालयातले ‘सोनेरी शिरस्त्राणाचा माणूस’ हे रेम्ब्रांटचे जगप्रसिद्ध चित्र १९८५ साली अणुभट्टीत घालून तपासले आणि ते नकली निघाले. चित्रातला चेहरा रेम्ब्रांटच्या सख्ख्या भावाचा, तरीही डच तज्ज्ञांच्या एका समितीने ते त्याच्या नावावरून काढून टाकले. चित्र मातीमोल झाले. आणि ‘पोलिश घोडेस्वार’ जसा पुन्हा रेम्ब्रांटचा ठरला तसे हेही उद्या ठरेल, कारण तज्ज्ञांचे काही खरे नसते.

यातल्या दोनच गोष्टी पूर्णपणे बरोबर आहेत. चित्र बर्लिनमध्ये आहे, आणि १९८५-८६ पासून ते रेम्ब्रांटच्या नावावर नाही. बाकीचे एकेक विधान तपासून पाहण्याआधी चित्राची ओळख करून घेऊ.

कॅनव्हासवरचे तैलचित्र, उंची ६७.५ सेंमी, रुंदी ५०.७ सेंमी, काळ १६५० च्या आसपास. गडद पार्श्वभूमीतून एक वयस्क योद्धा पुढे आला आहे. मिशा आहेत, ओठ मिटलेले आहेत, नजर खाली झुकली आहे. डोक्यावर उठावाच्या नक्षीचे, पिसांचा तुरा लावलेले शिरस्त्राण आहे. रणांगणापेक्षा मिरवणुकीत शोभावे असे. सगळा उजेड त्या धातूवर पडला आहे आणि चेहरा अर्धा सावलीत आहे. १८९० च्या दशकात हे चित्र बाजारात आले. १८९७ मध्ये बर्लिनच्या चित्रसंग्रहाचे संचालक विल्हेल्म फोन बोडे यांच्या पुढाकाराने कैसर फ्रीडरिक संग्रहालय मंडळाने ते विकत घेतले. आज ते बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीत आहे, पण मालकी त्या मंडळाचीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने बर्लिनची २०२ चित्रे वॉशिंग्टनला नेली, त्यांत हेही होते. १९४८ मध्ये तिथल्या नॅशनल गॅलरीत ती चित्रे पाहायला लाखो लोक आले. जर्मनीत तर याच्या छापील प्रती घराघरांच्या भिंतींवर होत्या. म्हणूनच नाव गेले तेव्हा एवढा गाजावाजा झाला.

‘चित्र नकली निघाले’

हा शब्द सगळ्यांत जास्त नुकसान करतो. नकली चित्र म्हणजे फसवण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या नावाने केलेले चित्र. हान फान मेखरेन या डच चित्रकाराने १९३० च्या दशकात ‘फर्मेर’ची चित्रे केली, ती नकली. त्याने रंग तेलात न कालवता बेकेलाइटच्या जातीच्या राळेत कालवले आणि चित्र भट्टीत भाजले, म्हणजे रंग तीनशे वर्षांच्या तैलरंगासारखा टणक व्हावा. त्याच्या एका चित्रात कोबाल्ट ब्लू सापडला. हा रंग १९ व्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाला, आणि फर्मेर तर १६७५ मध्ये वारला होता. नकली चित्र असे पकडले जाते: त्या काळात अस्तित्वातच नसलेली वस्तू त्यात निघते.

बर्लिनच्या चित्राबाबत असे काही घडले नाही. तपासणीनंतरही संग्रहालयाने ते १७ व्या शतकातलेच, रेम्ब्रांटच्या वर्तुळातलेच मानले. तपासणीचे प्रमुख यान केल्श यांनी त्याच वेळी स्पष्ट केले होते की हे बनावट चित्र नाही, स्वतःचे मोल असलेली स्वतंत्र कलाकृती आहे. बदलले ते एवढेच की, ब्रश कोणाच्या हातात होता याचे जुने उत्तर टिकले नाही.

नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळले आहेत, असे अभ्यासकांनी दाखवले. म्हणून ते अभंग कोणी खोटे ठरवले नाहीत; त्यांचा कर्ता वेगळा आहे एवढेच मान्य झाले. इथेही प्रकरण तेवढेच आहे.

ही सरमिसळ मुळात झाली कशी, हे रेम्ब्रांटची कार्यशाळा पाहिली की समजते. योआखिम फोन सांड्रार्ट या चित्रकार-लेखकाने १६७५ मध्ये लिहून ठेवले आहे की रेम्ब्रांटचे शिष्य वर्षाला प्रत्येकी १०० गिल्डर देत, आणि शिवाय त्यांच्या कामाच्या विक्रीतून त्याला २००० ते २५०० गिल्डर मिळत. शिष्याने कार्यशाळेत केलेले चित्र गुरूने विकणे ही त्या काळातली रीतसर पद्धत होती. १६५६ मध्ये दिवाळखोरीमुळे रेम्ब्रांटच्या घरातल्या वस्तूंची यादी झाली, तिच्यात काही चित्रांपुढे ‘रेम्ब्रांटने हात फिरवलेले’ अशी नोंद आहे. म्युनिकच्या ‘इसहाकचे बलिदान’ या चित्रावर तर १६३६ या सालासह लिहिलेच आहे की रेम्ब्रांटने त्यात बदल केला आणि वरून रंगवले. म्हणजे ‘अस्सल रेम्ब्रांट’ आणि ‘नकली’ असे दोनच कप्पे कधीच नव्हते. मधल्या पायऱ्या अशा: संपूर्ण गुरूचे, गुरू आणि कार्यशाळा मिळून, कार्यशाळेतल्या शिष्याचे, वर्तुळातले, म्हणजे त्याच काळातल्या आणि त्याच्या पद्धतीशी जवळून परिचित असलेल्या कोणाचे तरी, अनुयायाचे, जो नंतरच्या काळातलाही असू शकतो, आणि मूळ चित्रावरून केलेली प्रत. बर्लिनच्या चित्राला ‘वर्तुळ’ ही पाटी लागली. ‘कार्यशाळा’ म्हणायला चित्र रेम्ब्रांटच्या छपराखाली झाले हे दाखवावे लागते, म्हणून संग्रहालयाने जपून शब्द वापरला. नकली ही पायरी या शिडीवर नाहीच.

‘अणुभट्टीतल्या चाचणीने सिद्ध झाले’

ही चाचणी म्हणजे न्यूट्रॉन ऑटोरेडिओग्राफी. बर्लिनच्या हान-माइटनर या अणुसंशोधन संस्थेच्या मदतीने ती झाली. तिच्याबद्दल इतके गैरसमज आहेत की ती नीट समजावून सांगायला हवी.

चित्र भट्टीच्या गाभ्यात घालत नाहीत. गाभ्यातून बाहेर काढलेल्या न्यूट्रॉनच्या झोतासमोर ठेवतात. रंगांमधल्या अगदी थोड्या अणूंवर परिणाम होऊन ते किरणोत्सर्गी बनतात आणि आपापल्या वेगाने पुन्हा शांत होतात. झोत बंद झाल्यावर चित्राच्या पृष्ठभागावर फिल्म लावतात, ठरावीक वेळाने ती काढून नवी लावतात. असे अनेक आठवडे चालते. प्रत्येक मूलद्रव्याचा अर्धायुष्यकाळ (किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा वेळ) वेगळा असल्यामुळे प्रत्येक फिल्मवर वेगळ्या रंगद्रव्याचा ठसा उमटतो. पहिल्या काही तासांत मँगनीज बोलतो (अर्धायुष्य सुमारे २.६ तास), तो अंबर या तपकिरी मातीत असतो. मग तांबे (सुमारे १२.७ तास), म्हणजे ॲझुराइटसारखे निळे आणि तांब्याचे हिरवे. त्याच दिवसांत आर्सेनिक (सुमारे २६ तास), जे स्माल्ट या निळ्या काचेच्या पुडीत कोबाल्टसोबत येते. दोन-तीन आठवड्यांनी फॉस्फरस (सुमारे १४ दिवस), म्हणजे हाडांच्या कोळशाची काळी. शेवटी पारा (सुमारे ४७ दिवस), म्हणजे हिंगूळ. कोणत्या फिल्मवर कोणते मूलद्रव्य आहे याची खात्री करायला गॅमा किरणांचे मोजमाप बरोबरीने चालते. किरणोत्सर्ग सुरक्षित पातळीवर येईपर्यंत चित्र बंदिस्त जागेत थांबते.

या पद्धतीची मोठी गंमत म्हणजे शिसे तिला जवळजवळ दिसत नाही. क्ष-किरण चित्रात उलटे असते: लेड व्हाइट, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, इतका पांढरा उमटतो की बाकी रंग त्याखाली दबतात. म्हणून दोन्ही एकमेकांना पूरक ठरतात. चित्रकाराने काळ्या रंगाने काढलेली पहिली रेखाटणी फॉस्फरसच्या फिल्मवर मिळू शकते; चेहऱ्याची पांढऱ्याने केलेली घडण क्ष-किरणात मिळते.

आता मुख्य मुद्दा. यातून मिळतो तो रंगद्रव्यांचा नकाशा. त्या नकाशावर सही नसते. अंबर, हाडांची काळी, हिंगूळ, लेड व्हाइट हे रंग १६५० च्या ॲम्स्टरडॅममध्ये कोणीही घेत असे. गुरू आणि शिष्य तर एकाच पाट्यावर वाटलेला रंग वापरत. काम करता करता केलेले बदल दिसले तर चित्र ही निव्वळ प्रत नाही असे म्हणायला आधार मिळतो, पण स्वतंत्र विचार करणारा शिष्यही बदल करतोच. यंत्राने दाखवलेल्या थरांवरून रंगवणाऱ्याची सवय वाचावी लागते आणि ती खात्रीच्या रेम्ब्रांटशी ताडावी लागते. ते काम डोळ्याचे, आणि १९८५ मध्येही ते डोळ्यानेच झाले.

इतर चाचण्यांचीही हीच मर्यादा आहे. लाकडी फळीवरच्या चित्रात झाडाची वर्षवलये मोजून फळीचा सर्वांत अलीकडचा काळ सांगता येतो, पण हे चित्र कॅनव्हासवर आहे, तिथे ती सोय नाही. कॅनव्हासचे धागे मोजून दोन चित्रे एकाच ताग्यातली आहेत का ते ठरवता येते. त्यावरून दुकान किंवा कार्यशाळा कळेल, हात नाही. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’पासून, म्हणजे १६४२ पासून, त्याच्या घरातल्या अनेक चित्रांखाली क्वार्ट्झची वाळू आणि माती तेलात कालवून केलेले अस्तर सापडते, आणि त्याच्या वर्तुळाबाहेरच्या डच चित्रकारांकडे ते आढळलेले नाही. फार मोलाचा शोध आहे. पण तेच अस्तर शिष्यांच्या चित्रांखालीही आहे. २०१९ मध्ये रेम्ब्रांटच्या तीन चित्रांतल्या जाड रंगात प्लंबोनॅक्राइट हे शिशाचे दुर्मीळ संयुग सापडले. त्यावरून त्याने तेलात शिशाची भस्मे घालून ते घट्ट केले असावे, असे अनुमान निघते. यालाही लगेच रेम्ब्रांटचा ठसा म्हटले गेले. चित्रे तीनच, आणि कृती शिष्यांना शिकवता येण्याजोगी. ठसा म्हणायला एवढे पुरत नाही.

यंत्र नकार मात्र पक्का देते. पिवळ्यात टिन निघाले तर तो लेड-टिन यलो, आणि हा रंग १७५० च्या सुमारास वापरातून गेला व १९४१ मध्येच पुन्हा ओळखला गेला. १९ व्या शतकातल्या भामट्याला तो ठाऊक असणे अवघड. पांढऱ्यात टायटॅनियम मूळ थरात निघाले तर चित्र २० व्या शतकातले. (नंतरच्या दुरुस्तीतही ते सापडू शकते, म्हणून नमुना कुठून घेतला हे आधी विचारावे.) ‘हे १७ व्या शतकातले असू शकत नाही’ इतके यंत्र ठामपणे सांगू शकते. ‘हे रेम्ब्रांटने केलेले नाही’ हे वाक्य यंत्राचे नव्हे.

‘असा जाड रंग रेम्ब्रांटशिवाय कोण लावणार?’

हा दावा चित्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आहे आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण निर्णय याच जागी झाला.

शिरस्त्राणावरचा रंग खरोखर कॅनव्हासपासून वर उठलेला आहे. त्या काळी धातूचा भास असा उभारत: खाली गडद तपकिरी, त्यावर पिवळी माती, आणि अगदी शेवटी चमकीच्या जागी लेड-टिन यलो व लेड व्हाइटचे घट्ट ठिपके. नक्षीचा उंचवटा जिथे, तिथे रंगाचाही उंचवटा. तिरक्या उजेडात पाहिले तर रंगाच्या त्या कडांवर दिव्याचा खरा प्रकाश अडकतो आणि धातू चमकल्यासारखा वाटतो. विलक्षण कामगिरी आहे, यात शंका नाही.

प्रश्न असा की रेम्ब्रांट जाड रंग कशासाठी वापरतो. खात्रीचे नमुने घेऊ. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला १६५३ चा ‘ॲरिस्टॉटल’: सोन्याची साखळी जाड रंगाची आहे, पण बाहीच्या पांढऱ्या चुण्याही तशाच मोकळ्या, घट्ट फटकाऱ्यांनी उभ्या आहेत आणि चेहऱ्याचे मांसही थरांनी घडवलेले आहे. साखळी उजेडाचा एक टप्पा आहे. उजेड बाहीवरून साखळीवर, तिथून चेहऱ्यावर आणि मग अर्धपुतळ्याकडे फिरतो. ग्लासगोचा १६५५ चा ‘चिलखतातला माणूस’: चिलखताची कड दोन-चार फटकाऱ्यांत सांगितली आहे, नक्षी मोजत बसलेला नाही. जवळून पाहिले तर रंग, दूर गेले की पोलाद.

बर्लिनच्या चित्रात रंगाची जाडी शिरस्त्राणावर एकवटली आहे आणि ती धातूची नक्कल करते. उंचवट्यासाठी उंचवटा. खाली चेहरा मात्र पातळ, मऊ, काहीसा फिका आहे; त्याची घडण शिरस्त्राणाच्या ताकदीला साथ देत नाही. एकाच चौकटीत दोन वेगळ्या रीती दिसतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. केल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खटकले ते हेच. रेम्ब्रांटची जाड रंग लावण्याची युक्ती या चित्रकाराने उत्तम उचलली आणि शेवटाला नेली. तिच्यामागचा उजेडाचा हिशेब मात्र त्याचा स्वतःचा आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो: जुन्या साफसफाईत चेहऱ्यावरचे ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचे पातळ थर, घासले गेले असतील तर? असे घडते, वारंवार घडते. गडद भागातला पातळ रंग सगळ्यांत आधी जातो. दुसरा अपघात उलटा असतो: मागून नवा कॅनव्हास चिकटवताना गरम इस्त्री आणि दाब जास्त झाला की जाड रंगाचे माथे चपटे होतात. दोन्हींमुळे चित्रकाराचा हात चुकीचा वाचला जाऊ शकतो. म्हणून निव्वळ वरच्या पृष्ठभागावरून निकाल देऊ नये. चेहऱ्याची घडण लेड व्हाइटने होते आणि ती क्ष-किरणात दिसते. वरचे ग्लेझ गेले तरी खालची घडण कणखर असेल तर ती तिथे उमटतेच. क्ष-किरण आणि ऑटोरेडिओग्राफी यांचा खरा उपयोग या टप्प्यावर आहे. चाचणी आणि डोळा एकमेकांना तपासतात.

‘चेहरा रेम्ब्रांटच्या भावाचा आहे’

या विधानाला कागदपत्राचा आधार नाही. आद्रियान हा रेम्ब्रांटचा थोरला भाऊ, लायडनमध्ये राहणारा, १६५२ मध्ये वारलेला. १९ व्या शतकाच्या अखेरीस रेम्ब्रांटच्या चित्रांत त्याचे आईवडील, बहीण, भाऊ शोधण्याची हौस होती. त्यात या म्हाताऱ्यालाही भाऊ ठरवले गेले. हाच माणूस त्या सुमाराच्या इतर अभ्यासचित्रांतही दिसतो, म्हणजे तो मॉडेल म्हणून बसत असावा. असे चित्र हे कोणाचे व्यक्तिचित्र नसते. डच भाषेत त्याला ट्रोनी म्हणतात: वेशभूषा, भाव आणि उजेड यांचा अभ्यास म्हणून रंगवलेले डोके. या योद्ध्यात काहींनी युद्धदेव मार्स पाहिला आहे, आणि ते जास्त पटते. रेम्ब्रांटच्या घरी शस्त्रास्त्रांचा तोटा नव्हता: १६५६ च्या त्या यादीत जपानी शिरस्त्राण आहे, ‘राक्षसाचे’ शिरस्त्राण आहे, आकृत्या कोरलेली लोखंडी ढाल आहे. शिष्य तीच सामग्री समोर ठेवून काम करत. आणि समजा चेहरा भावाचाच असता, तरी शिष्याने गुरूच्या भावाला रंगवायला हरकत कसली?

‘डच समितीने चित्र काढून घेतले’

रेम्ब्रांट संशोधन प्रकल्प १९६८ मध्ये सुरू झाला. त्याचे सदस्य संग्रहालये फिरले आणि या चित्राबद्दल त्यांनीही शंका घेतली, हे खरे. पण त्या प्रकल्पाचे खंड काळाच्या क्रमाने निघत होते. १९८२, १९८६ आणि १९८९ चे पहिले तीन खंड मिळून १६४२ पर्यंतच पोचले. १६५० च्या आसपासचे हे चित्र त्यांच्या कक्षेतच नव्हते. तपासणी बर्लिनने स्वतः केली, आपल्या सर्वांत लोकप्रिय चित्रावर, आणि १९८६ मध्ये निकाल स्वतः छापला. हे धैर्याचे काम होते आणि त्याचे श्रेय दुसऱ्याला देणे योग्य नाही.

‘मातीमोल झाले’

चित्र विक्रीला नाही, त्यामुळे किमतीचे आकडे निव्वळ अंदाज आहेत. संग्रहात ते ८११ ए या क्रमांकाने आहे, आपल्या नव्या पाटीसह. बाजारात नावाला पैसा मिळतो हे उघड आहे. पण शिरस्त्राणावरचा रंग १९८४ मध्ये जसा होता तसाच १९८६ मध्ये होता.

‘पोलिश घोडेस्वार परत आला, मग हेही येईल’

तुलना आकर्षक आहे, म्हणून ती तपासून पाहू. ‘पोलिश घोडेस्वार’ न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. साधारण ११७ × १३५ सेंमी, पांढऱ्या घोड्यावर शस्त्रधारी तरुण. १७९१ मध्ये ते पोलंडचा राजा स्तानिस्वाव ऑगस्ट याच्याकडे आले. पुढे तार्नोव्स्की घराण्याकडे गेले, तिथे १८९७ मध्ये डच कला-अभ्यासक आब्राहाम ब्रेडियस यांच्या नजरेस पडले, आणि १९१० मध्ये हेन्री क्ले फ्रिक यांनी ते घेतले. १९८४ मध्ये रेम्ब्रांट संशोधन प्रकल्पाचे एक सदस्य योशुआ ब्रॉइन यांनी ते रेम्ब्रांटचे नसून विलेम ड्रोस्ट या शिष्याचे असावे असे सुचवले. ते सुचवले कुठे? दुसऱ्याच्या ग्रंथाच्या परीक्षणात, ओघात. संग्रहालयाने पाटी बदलली नाही. नंतर त्याच प्रकल्पाचे एर्न्स्ट फान दे वेटरिंग यांनी तपशिलात पाहून मत दिले की मूळ चित्र रेम्ब्रांटचे, पण ते अपुरे राहिले आणि काही भाग दुसऱ्या हाताने पुरे केले. म्हणजे तिथेही निकाल ‘पूर्ण रेम्ब्रांट’ असा सरळ नाही.

दोन्ही प्रकरणांतला फरक स्पष्ट आहे. घोडेस्वाराविरुद्ध एक सूचना होती. शिरस्त्राणाविरुद्ध प्रयोगशाळेसह केलेली पूर्ण तपासणी आहे आणि ती चित्राच्या पालकांनीच केली आहे. शिवाय घोडेस्वारात जे भाग खटकत होते त्यांचा उलगडा ‘दुसऱ्या हाताने पुरे केले’ असे म्हटल्यावर झाला. इथे तसे करता येत नाही: शिरस्त्राण आणि चेहरा यांतले नेमके काय रेम्ब्रांटचे मानायचे? शिरस्त्राण त्याच्या रीतीत बसत नाही आणि चेहरा त्याच्या ताकदीचा नाही.

तज्ज्ञांची मते बदलतात, हे मात्र आम्ही नाकारत नाही. १९३५ मध्ये ब्रेडियस यांच्या सूचीत सुमारे ६३० चित्रे होती, १९६९ च्या सुमारास खेर्सन यांनी ती ४२० वर आणली, आणि २०१४ मध्ये फान दे वेटरिंग सुमारे ३४० वर थांबले. पण २०१४ च्या याच यादीत, आधी नाकारलेली सुमारे ७० चित्रे परत घेतली गेली. यामागे कारण होते. प्रकल्पाच्या सुरुवातीला प्रत्येक चित्र अ, ब, क अशा तीन वर्गांत घालायचे ठरले होते: रेम्ब्रांटचे, अनिश्चित, नव्हे. त्यात असे गृहीत होते की रेम्ब्रांट एका काळात एकाच रीतीने रंगवतो. तो तसा चित्रकार नव्हता. प्रयोग करणारा होता. १९९३ मध्ये चार ज्येष्ठ सदस्य बाहेर पडले आणि वर्गवारी पुढे सोडून देण्यात आली. २०१४ च्या त्या यादीतही, निकष सैल झाल्यानंतरही, ‘सोनेरी शिरस्त्राणाचा माणूस’ परत आलेला नाही. मते लहरीने बदलत असती तर एवढ्या लोकप्रिय चित्राला परत आणण्याचा मोह सर्वांत आधी झाला असता.

मग रंगवले कोणी?

१६५० च्या आसपास रेम्ब्रांटभोवती निकोलास मास, विलेम ड्रोस्ट, कारेल फान डेर प्लाइम, आब्राहाम फान डाइक असे बरेच तरुण होते. एकाही नावावर एकमत नाही. आर्नोल्ड हाउब्राकेन याने १८ व्या शतकाच्या सुरुवातीला चित्रकारांची चरित्रे लिहिली. त्यात हेमान ड्युलार्ट या शिष्याविषयी एक नोंद आहे: त्याने केलेला, लखलखत्या चिलखतातला मार्स १६९६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लिलावात रेम्ब्रांट म्हणून विकला गेला. ते चित्र हेच, असे म्हणायला आधार नाही. चिलखत आणि शिरस्त्राण एक नव्हे, आणि नोंदीत मापही दिलेले नाही. पण रेम्ब्रांट जाऊन २७ वर्षे होतात न होतात तोच शिष्याचा योद्धा गुरूच्या नावाने खपत होता, एवढे त्यावरून निश्चित समजते. बोडे यांची चूक इतकी जुनी आहे.

नाव शोधायचे असेल तर पुढची कामे ठरलेली आहेत. क्ष-किरण चित्रावरून कॅनव्हासच्या विणीचा संगणकीय नकाशा करून तो शिष्यांच्या सही असलेल्या चित्रांशी जुळवणे. अस्तराचा कडेचा सूक्ष्म नमुना घेऊन क्वार्ट्झचे प्रमाण पाहणे. ते असेल तर ‘वर्तुळ’ऐवजी ‘कार्यशाळा’ म्हणता येईल. क्ष-किरण प्रतिदीप्तीने पूर्ण पृष्ठभागाचे, मूलद्रव्यवार नकाशे काढणे. यासाठी आता चित्र किरणोत्सर्गी करावे लागत नाही, पण फॉस्फरस या पद्धतीला वार्निशच्या आणि शिशाच्या थराखाली नीट दिसत नाही, म्हणून १९८५ च्या फिल्म टाकाऊ ठरत नाहीत. आणि १६५० ते १७०० मधल्या ॲम्स्टरडॅम व रॉटरडॅममधल्या मृतांच्या मालमत्तेच्या याद्यांत ‘शिरस्त्राण घातलेले डोके’ अशा नोंदी, चित्रकाराच्या नावासह, हुडकणे. ड्युलार्ट रॉटरडॅमचा होता.